बिफोर टाइम चालणार नाही

२०२३च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीत नाताळचा तारा लावला. तो सात वाजता पेटला आणि सात वाजून पाच मिनिटांनी पंचांगकाका आमच्या कुंपणाशी हजर झाले. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात चर्चचं कॅलेंडर.

"वहिनी, बघितलंत? आज तारीख काय?"

आई तुळशीपाशी दिवा लावत होती. "सत्तावीस," ती म्हणाली.

"आणि आगमनकाळ कधी लागतो?"

इतक्या वर्षांच्या शेजारात आईला हे पाठ झालंय. "नाताळाआधीचे चार रविवार मोजायचे. त्यातला पहिला."

"म्हणजे यंदा ३ डिसेंबर. आगमनकाळसुद्धा लागला नाही आणि यांचा तारा लागला! अहो, बेथलेहेमचा तारा आहे तो, लग्नाच्या हॉलची रोषणाई नव्हे. गाडी लेट चालेल, वहिनी. बिफोर टाइम चालणार नाही."

हे शेवटचं वाक्य रेल्वेचं. काका रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मनातली हिरवी बत्ती अजून त्यांच्याच हातात आहे. त्यांचं म्हणणं असं, की लेट गाडीतला पॅसेंजर शिव्या देतो, पण तो निदान गाडीत बसलेला असतो. वेळेआधी सुटलेल्या गाडीचा पॅसेंजर प्लॅटफॉर्मवरच राहतो. म्हणून उशीर ही अडचण, पण घाई हा गुन्हा. गाड्यांचं हे तत्त्वज्ञान त्यांनी पुढे सणांना लावलं आणि तिथून आमच्या सगळ्यांच्या मनोरंजनाची सोय झाली.

वसईत पारनाक्याच्या पलीकडे त्यांचं घर आणि आमचं घर शेजारी शेजारी. मध्ये एक कुंपण आहे, पण ते फक्त सातबाऱ्यावर. दिवाळीत आमचं फराळाचं ताट तिकडे जातं, नाताळात त्याच ताटातून कलकल आणि करंज्या परत येतात. दिव्यांची माळ तर दोन घरांत मिळून एकच आहे. देवदिवाळी झाली की ती कुंपणावरून तिकडे जाते आणि गणपतीच्या तोंडावर इकडे येते. ख्रिस्ती माणसाला 'पंचांगकाका' हे नाव आमच्या बाबांनी ठेवलं. काकांना ते इतकं आवडलं, की आता वाडीतली पोरं त्यांना त्याच नावाने हाका मारतात आणि त्यांच्या खऱ्या नावाने आलेलं कुरिअर परत जातं.

अशी माणसं सगळ्या धर्मांत असतात. आमच्याच नात्यात एक आहेत, ते भद्रा संपेपर्यंत बहिणीला राखी हातात धरून उभी ठेवतात. फरक इतकाच, की आमच्या नातेवाइकांचं पंचांग दुसऱ्याने छापलेलं असतं, तर काकांचं पंचांग दर वर्षी काका स्वतः घडवतात.

काकांच्या घरी नाताळची सुरुवात कमी करण्यापासून होते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी टेबलावरचा छापील फुलांचा टेबलक्लॉथ जातो आणि जांभळा येतो. जांभळा हा वाट पाहण्याचा रंग. त्यावर हिरव्या पानांचं एक कडं आणि कड्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची. गुलाबीचा मान तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार, वाट निम्म्याहून अधिक सरल्याचा. एका वर्षी बाजारात गुलाबी मेणबत्ती मिळाली नाही. काकींनी पांढऱ्या मेणबत्तीवर लिपस्टिक फिरवली. दोन आठवडे काकांना पत्ता नव्हता. तिसऱ्या रविवारी ती पेटली तेव्हा वासावरून कळलं.

"बाकी काही नाही लावायचं?" मी एकदा विचारलं.

"वाट पाहायची म्हणजे पाहायची. पाहुणा यायच्या आधीच आपण जेवून घेतो का?"

काकांचा एक भाचा बोटीवर आहे. बोटीवर त्याच्याबरोबर फिलिपिनो मंडळी आहेत. त्यांच्या देशात सप्टेंबर लागला की नाताळची गाणी सुरू होतात, हे त्याने सुट्टीत आल्यावर कौतुकाने सांगितलं. काका खुर्चीत ताठ झाले. "सप्टेंबरात? म्हणजे आमच्या वहिनींचा गणपती बसतोय आणि तिकडे नाताळ?" भाच्याने मान डोलावली. काकांनी त्याला जेवायला वाढलं, पण त्या दिवशी इंद्यालाची दुसरी वाटी दिली नाही.

आगमनकाळात काकांना परवानगी फक्त तयारीची. १३ डिसेंबरला संत लुसीचा सण असतो. त्या दिवशी काका करवंट्यांत माती भरतात आणि नाचणी पेरतात. गोठ्यातल्या मेंढरांना चरायला कुरण हवं ना! नाचणी चार-पाच दिवसांत उगवते आणि २४ तारखेपर्यंत बोटभर होते. हंगेरीत आणि क्रोएशियात लोक याच दिवशी बशीत गहू पेरतात, हे कुठेतरी वाचल्यापासून काकांची मान आणखी ताठ झाली आहे. नाचणी आमच्या डब्यातली असते. आई देताना दर वर्षी म्हणते, "म्हणजे घटच की!" आणि काका दर वर्षी म्हणतात, "घटच. फक्त तुमचे नऊ दिवस, आमचे अकरा."

मग तारा. हा काकांचा प्रांत. त्याचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा, १९९८ साली, वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला त्या वर्षी बांधलेला. दहा कामट्या लांब, पाच आखूड. पाच लांब कामट्यांचा एक चपटा तारा करायचा, तसाच दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून टोकं दोऱ्याने आवळायची. मग मधल्या पाच सांध्यांत आखूड कामट्या आडव्या अडकवायच्या, की चपटा तारा दम भरल्यासारखा फुगतो. वरून पतंगाचा कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि एका बाजूला बल्ब जाईल एवढी खिडकी. कागद दर वर्षी नवा, सांगाडा तोच. बल्ब लागतो की नाही हे बघायला लागतंच, पण ते घरात, दारं-खिडक्या लावून. आपला तारा २४ तारखेआधी पेटलेला वाडीत कुणाला दिसता कामा नये. त्या पाच मिनिटांत त्या घरात युद्धकाळातला ब्लॅकआउट असतो.

आता गोठा. गोठा मांडला जातो काकींच्या शिलाई मशीनवर. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढची सगळी कथा या मशीनवर उभी आहे. तिथे गवत, मेंढरं, गाय, गाढव, योसेफ, मारिया, सगळी मंडळी येतात. गव्हाण मात्र रिकामी. बाळ येशू गव्हाणीत येणार तो मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी परतल्यावर, एक सेकंद आधी नाही. पूर्वी अडचण नव्हती. मग जुना संच फुटला आणि बाजारातून नवा आणला. त्यात बाळ गव्हाणीला चिकटवलेलंच होतं. काकांनी तो संच दोन दिवस नुसता पाहिला. "हे लोक बाळाला ऑगस्टपासून दुकानात जन्माला घालून बसलेत," म्हणाले. तिसऱ्या दिवशी हॅकसॉ ब्लेड घेऊन त्यांनी बाळाला गव्हाणीपासून सोडवलं. बाळाच्या पाठीला तेव्हापासून सपाट चकती आहे आणि गव्हाणीत टेकवायला खाली मळलेली कणीक लावावी लागते. पण ते वेळेवर येतं.

राजांचं प्रकरण तर त्याहून रंगतदार. पूर्वेकडून तारा बघत निघालेले तीन राजे जन्माच्या रात्री गोठ्यात असणं काकांना मान्य नाही. ते वाटेत आहेत. म्हणून २४ तारखेच्या रात्री तीन राजे आणि एक उंट फ्रिजवर ठेवले जातात. पूर्व म्हणजे फ्रिज. तिथून मजल दरमजल करत मिक्सर, पाण्याचा पिंप, टीव्ही, शोकेस असे मुक्काम घेत ते तीन राजांच्या सणाला शिलाई मशीनवर पोचतात. काकींना फ्रिज पुसायचा असेल तर काका आधी खडूने राजांच्या जागा आखून घेतात, प्रवासात खंड नको म्हणून. एका वर्षी उंट हरवला. नातवाने प्लास्टिकचा जिराफ देऊ केला. काकांनी बराच विचार करून तो घेतला. "मानेने पुढे दिसतो, पण पायाने मागेच असतो. चालेल."

त्या २०२३ साली तर कॅलेंडरने काकांची परीक्षाच घेतली. आगमनकाळाचा चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. म्हणजे आगमनकाळ फक्त २२ दिवसांचा. याहून लहान तो असूच शकत नाही. सकाळी चौथी मेणबत्ती आणि संध्याकाळी झाड, तारा, माळ, सगळं एका दिवसात. दोन मुलगे, सुना, नातवंडं, मी, आमची माळ, सगळे जुंपले गेलो. दहा हातांनी घर सजलं. काका मधोमध उभे राहून घड्याळ बघत होते. सूर्य मावळला आणि त्यांनी हात वर केला. तारा पेटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला वाटतं त्यांना शिट्टी ऐकू आली.

इथपर्यंतचे काका वाडीला ठाऊक आहेत. आता जानेवारीतले काका सांगतो.

लावण्याच्या बाबतीत ज्यांना मिनिटाची घाई खपत नाही, त्यांना उतरवण्याच्या बाबतीत महिन्याचा उशीरही खटकत नाही. अर्थात ते त्याला उशीर म्हणत नाहीत. ते त्याला आधार म्हणतात. १ जानेवारी उजाडला की काकी माळ्यावरचं रिकामं खोकं खाली काढून ठेवतात, आणि काका पुस्तकं काढून ठेवतात.

"नाताळचे दिवस बारा," काका सुरू करतात. "२५ पासून मोजलं तर ५ जानेवारीला संपतात. २६ पासून मोजलं तर ६ जानेवारीला."

"मग पाचला काढूया," काकी म्हणतात.

"सहाला राजे येतायत! दारात पाहुणे आले आणि आपण मांडव सोडायला घ्यायचा?"

यावर काकींना बोलता येत नाही, कारण पाहुण्यांचा मान त्यांच्याकडे मोठा. ६ तारीख उजाडते. तेव्हा काकांच्या लक्षात येतं, की गोव्यात रेईस मागोसला आणि चांदरला तीन राजांचा सण भले ६ जानेवारीलाच असो, तिथे तीन मुलगे राजांचा वेश करून भले त्याच दिवशी निघोत, पण भारतातल्या चर्चमध्ये तो आता रविवारी साजरा होतो. म्हणून राजे शोकेसवरच थांबतात. मग रविवार येतो. २०२४ साली तो ७ जानेवारीला आला. "आज तर रशियात नाताळ आहे," काका म्हणाले. "त्यांच्याकडे अजून जुनं कॅलेंडर. त्यांचा २५ डिसेंबर म्हणजे आपला ७ जानेवारी. तिकडे बाळ आज जन्मलं आणि इकडे आपण गोठा मोडायचा?"

"आपण रशियन कधी झालो?" काकींनी विचारलं.

काकांनी ऐकलं नाही. ते स्वीडनला पोचले होते, जिथे संत क्नूटच्या दिवशी म्हणजे १३ जानेवारीला झाड काढतात. स्वीडनहून ते जेरुसलेमला गेले, जिथले आर्मेनियन ख्रिस्ती १९ जानेवारीला नाताळ करतात. इंग्लंडात म्हणे समज आहे, की बाराव्या रात्रीनंतर सजावट राहिली तर अपशकुन, आणि काढायची विसरलीच तर मग ती वर्षभर तशीच राहू द्यावी. या समजुतीचा पहिला अर्धा भाग अंधश्रद्धा आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात तथ्य असावं, असं काकांचं मत. एकदा त्यांनी थेट शास्त्राला हात घातला. "मत्तयच्या शुभवर्तमानात राजे तीन होते असं कुठेही नाही. राजे होते असंही नाही. ज्ञानी लोक होते, आणि ते आले ते घरात, गोठ्यात नव्हे. हेरोदाने दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायचा हुकूम दिला. म्हणजे ते लोक यायला दोन वर्षंही लागली असतील."

"म्हणजे दोन वर्षं माझी मशीन बंद?" काकी म्हणाल्या.

मशीनचं दुखणं खरं होतं. वसईच्या वाड्यांतून ख्रिस्ती लग्नांची गर्दी नाताळनंतर उडते, कारण पुढे राखेचा बुधवार येतो आणि प्रायश्चित्तकाळात कुणी लग्न काढत नाही. त्या पाच-सहा आठवड्यांत काकींच्या हातात वीस-पंचवीस ब्लाउज असतात, आणि मशीनवर गाय, गाढव आणि मेंढरं. दर जानेवारीत त्या शेजारच्या मशीनवर, म्हणजे आमच्या घरी, शिवायला येतात आणि जाताना आईला सांगून जातात, "यांच्या राजांना गोठ्यापर्यंत यायला पंधरवडा लागतो. मला गोठ्यापासून मशीनपर्यंत जायला महिना लागतो."

काकींचंही एक शस्त्र आहे. चर्चच्या कॅलेंडरात दिवसांना रंग असतात. आगमनकाळ जांभळा, नाताळ पांढरा, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाला की दुसऱ्या दिवसापासून साधा हिरवा. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी कॅलेंडर सुधारलं तेव्हापासून नाताळकाळ त्या सणाशी संपतो. काकी कॅलेंडरवर बोट ठेवतात. "हिरवं झालं. तुमचाच सिग्नल आहे. सोडा गाडी."

अशा वेळी काकांचं शेवटचं स्टेशन येतं, २ फेब्रुवारी. नाताळापासून चाळिसावा दिवस. बाळ येशूला मंदिरात नेलं तो दिवस, मेणबत्त्यांचा सण. युरोपात शेकडो वर्षं नाताळची सजावट त्या दिवसापर्यंत राहत असे, पोलंडमध्ये अजूनही गोठे आणि नाताळगीतं तोवर चालतात. इथे काका खरे असतात, आणि खरे असले की ते फार मोठ्याने बोलतात.

एका संक्रांतीला मीही त्यांना छेडलं. "काका, तिळगूळ झाला. आता तरी तारा उतरवा."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून बॅटरी काढली आणि आमच्या गॅलरीवर झोत टाकला. तिथे आमचा आकाशकंदील होता. उन्हाने गुलाबीचा पांढरा झालेला, एक झिरमिळी उरलेली, आत कबुतराने दोन काड्या ठेवलेल्या.

"हा कुठल्या दिवाळीचा? गेल्या की येणाऱ्या?"

"देवदिवाळीपर्यंत ठेवतात आमच्यात," मी म्हणालो.

"देवदिवाळी होऊन महिना झाला. दत्तजयंतीही झाली. तुमची गुढी बघ, सूर्यास्ताच्या आत उतरते. गणपतीला दीड, पाच, सात, दहा, जे ठरेल ते, पण तारीख ठरलेली. कंदिलालाच कुणी तारीख का दिली नाही? कारण गुढी उतरवली नाही तर देवाला दिसतं. कंदील उतरवला नाही तर फक्त शेजाऱ्याला दिसतं."

आई आतून हसली. मला मात्र उत्तर सुचलं नाही, आणि लाजेकाजेने मी कंदील उतरवला असंही झालं नाही.

मग आला २०२४चा तो जानेवारी. ७ तारखेचा रविवार तीन राजांचा गेला, म्हणून बाप्तिस्म्याचा सण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी ८ तारखेला आला. ९ तारखेला कॅलेंडर हिरवं झालं. काकींनी पदर खोचला, खोकं पुढे ओढलं, आणि नाशिकहून फोन आला. मुलीचे दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण कळा सुरू झाल्या होत्या. काकी दुपारच्या गाडीने गेल्या. रात्री नात झाली.

बिफोर टाइम. काका त्यावर एक शब्द बोलले नाहीत. पेढे वाटताना मीच म्हटलं, "काका, तीन आठवडे आधी सुटली गाडी." तर त्यांनी माझ्या हातातला पेढा परत घेतल्यासारखं केलं आणि मग आणखी एक ठेवला.

काकी दोन महिने तिकडेच राहणार होत्या. इकडे घरात काका, गोठा आणि अमर्याद स्वातंत्र्य. त्यात त्यांना त्या वर्षी आधारही असा मिळाला होता, की बोलायची सोय नाही. पहिला गोठा मांडला तो असिसीच्या संत फ्रान्सिसने, इटलीत ग्रेच्चो गावी, १२२३ साली. त्याला २०२३ मध्ये ८०० वर्षं झाली. त्या निमित्ताने रोमने जाहीर केलं होतं, की ८ डिसेंबरपासून २ फेब्रुवारीपर्यंत जो फ्रान्सिस्कनांच्या चर्चमधल्या गोठ्यापुढे प्रार्थना करील आणि नेहमीच्या अटी पाळील, त्याला पापाच्या दंडाची पूर्ण माफी मिळेल. काकांनी हे काकींना फोनवर वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं.

"२ फेब्रुवारी! मी नाही, रोम म्हणतंय."

"फ्रान्सिस्कन चर्चमधला गोठा म्हणतंय ना? आपलं घर फ्रान्सिस्कन चर्च कधी झालं?"

"किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष आहेत. आपण त्यांच्या हद्दीत येतो."

"चिमाजी आप्पा १७३९ सालीच हद्द बदलून गेले," काकी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

२ फेब्रुवारी शुक्रवारी आला. काका चर्चमधून आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या घेऊन आले. आता पुढे स्टेशन नव्हतं. नाचणीचं कुरण केव्हाच पिवळं पडलं होतं आणि जे उरलं होतं ते वाडीतल्या कोंबड्यांनी खिडकीतून येऊन खाल्लं होतं. काका मशीनपुढे उभे राहिले. मी कुंपणावरून बघत होतो. त्यांनी एक मेंढरू उचललं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत ठेवलं.

त्यांना उतरवता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी सण लावला होता, उतरवला कधीच नव्हता. कुठली वस्तू कशात गुंडाळायची, कुठली खाली आणि कुठली वर, यातलं काही त्यांना माहीत नव्हतं. डिसेंबरात माळ्यावरून एक खोकं खाली येतं आणि त्यातून सगळं निघतं, एवढंच त्यांना ठाऊक. खोक्यात जुने एकेकटे मोजे होते, नातवंडांचे. ते कशाला ठेवले असतील म्हणून त्यांनी ते टाकून दिले. आई सांगायला गेली तोवर उशीर झाला होता. एकेका मोज्यात एकेक मेंढरू जायचं. योसेफ बनियनमध्ये जायचा, मारिया काकींच्या जुन्या ओढणीत, आणि बाळ आगपेटीएवढ्या डबीत कापसावर.

तारा तर माळ्याच्या दारातून आतच जाईना. काकांनी उभा धरला, आडवा धरला, तिरपा घातला, एक टोक वाकलं. शेवटी आई म्हणाली, "अहो, मधल्या पाच कामट्या काढा. तुमच्या हिच्या हातून बघितलंय मी." काकांनी आखूड कामट्या एकेक करून सोडवल्या. ताऱ्याने पोट आत घेतलं आणि तो पाटासारखा चपटा झाला. काका त्याच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं त्यांनी तो फुगवला होता. दर डिसेंबरात तो माळ्यावर चपटा कसा काय सापडतो, हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता.

हे सगळं आटपायला १३ फेब्रुवारीची मध्यरात्र झाली. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेताना घरात झाड उभं असणं ही गोष्ट पंचांगकाकांच्याही पंचांगात बसत नव्हती. सकाळी मी बघितलं तर ओसरीवर तीन खोकी होती. काकी दर वर्षी जे सामान एका खोक्यात बसवत, त्याला काकांना तीन खोकी लागली, आणि जिराफ बाहेरच राहिला.

आई त्या दिवशी म्हणाली, "सण मांडायला सगळं घर धावतं. उतरवायला एकच माणूस उरतं, आणि ते कधीच तारखेवरून भांडत नाही. त्याला फक्त जागा मोकळी हवी असते." एवढं बोलून तिने माझ्याकडे आणि मग गॅलरीकडे पाहिलं. मी स्टूल आणलं. कबुतराच्या काड्या दोनाच्या अकरा झाल्या होत्या.

मार्चमध्ये काकी परतल्या. तीन खोकी बघून काही बोलल्या नाहीत. एका दुपारी त्यांनी ती उघडली, आणि संध्याकाळी ओसरीवर दोन रिकामी खोकी पडली होती.

२०२५ साली बाप्तिस्म्याचा सण १२ जानेवारीला झाला. १३ तारखेला काकी बोट ठेवायला कॅलेंडरकडे निघाल्या, तर काका आधीच मशीनपाशी उभे. वाटलं, स्वीडन येणार. पण त्यांनी गोठा उचलला, मंडळींसकट, आणि फ्रिजवर नेऊन ठेवला. "तुझी मशीन घे. गोठा २ फेब्रुवारीपर्यंत राहील, पण पूर्वेला राहील."

२ फेब्रुवारी त्या वर्षी रविवारी आला. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचा तारा अजून लटकत होता. काकांनी त्याच्याकडे एकदा बॅटरी मारली आणि घरात गेले. मोजे त्यांनी आमच्या घरातून मागून नेले होते. आखूड कामट्या मोजून पाच काढल्या. सगळं एकट्याने उतरवलं, काकींना हात लावू दिला नाही.

खोकी दोन झाली.